आजारी पोरांना घेऊन जिओकॅशिंग: डबे लपवण्यापासून डबे परत मोजण्यापर्यंत

परळ-दादर भागात राहणाऱ्यांना हे दृश्य माहितीच आहे, तोंडाला मास्क, डोक्यावर लोकरीची टोपी घातलेलं पोर आणि शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाइल घेतलेली आई. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी बिहार-बंगालमधून. पोरांमध्ये जास्त दिसणाऱ्या ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते आणि त्यातले सुरुवातीचे बरेच महिने हॉस्पिटलजवळच काढावे लागतात, म्हणजे धर्मशाळेची खोली, ओपीडीची रांग, परत खोली, एवढंच त्या पोराचं जग. मी गेली काही वर्षं साधारण दीड-दोन महिन्यांतून एकदा अशा पाच-सहा पोरांना घेऊन जिओकॅशिंगला जाते. नवीन व्हॉलंटियर तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय, लांबलंय, पण घाईत वाचू नका, मधला तब्येतीचा भाग तर अजिबात नाही.

आधी, हा प्रकार काय आहे

खजिन्याचा शोध, फक्त नकाशाऐवजी जीपीएस. कुणीतरी डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश देतं, तुम्ही फोनमधला बाण बघत जाऊन डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली, त्याआधी साध्या रिसीव्हरला शंभर मीटरपर्यंत चूक यायची, आणि लगेच ३ मे २००० ला ऑरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. त्या बादलीत बीन्सचा एक कॅनही होता. आता खाण्याची वस्तू डब्यात ठेवायला सक्त मनाई आहे, मुंग्या-उंदीर येतात म्हणून, तेव्हा पहिलाच डबा आजच्या नियमात बसला नसता!

प्रत्येक डब्याला अवघडपणाचे दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, दोन्ही १ ते ५. आपल्याला दुसरा आकडा कायम १ लागतो, १ चा अर्थच व्हीलचेअरवरून पोचता येईल असा.

पण एक सांगते, वेबसाइटवर नोंदवलेले डबे शोधायला पोरांना नेऊ नका. ते कुठे झाडाच्या ढोलीत, कुठे पुलाखाली असतात, कुणाकुणाचे हात लागलेले असतात, आणि निम्मे तर गायब झालेले असतात. आपण आपलेच डबे सकाळी लपवायचे आणि त्याच दिवशी उचलायचे. प्युअर जिओकॅशिंगवाले नाक मुरडतात, मुरडू देत.

जागा आणि परवानगी

मला स्वतःला भायखळ्याची राणीबाग, म्हणजे प्राणिसंग्रहालयाची बाग, सगळ्यात सोयीची वाटते. भायखळा परळपासून जवळ, मोठी जुनी झाडं म्हणजे सावली, आणि शोधायला गोष्टी भरपूर. घारापुरीचा तो दगडी हत्ती तिथे म्युझियमच्या बाहेर उभा आहे, इंग्लंडला न्यायला उचलताना तुटलेला आणि नंतर जोडलेला. दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा भागाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो इंग्रज राजाचा घोड्यावरचा पुतळाही १९६५ मध्ये इकडे आणून ठेवला. अशा जागी डबा ठेवायचीसुद्धा गरज नाही, "हत्तीजवळ जा आणि त्याचे जोड कुठे कुठे दिसतात ते मोजून या" एवढं पुरतं, याला आम्ही बिनडब्याचा डबा म्हणतो. बुधवारी बाग बंद असते आणि रविवारी पेंग्विन बघायला जी गर्दी लोटते ती विचारू नका, म्हणून मंगळवार किंवा गुरुवार. मोकळं आणि शांत हवं असेल तर सायन-माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यानही छान आहे, एकेकाळी तिथे कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होतं हे ऐकून पोरांचे डोळे मोठे होतात. पण तिकडे मातीच्या वाटा जास्त, त्यामुळे चालणाऱ्या पोरांनाच नेते.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. मुंबईत सार्वजनिक जागी बेवारस डबा म्हणजे काय होतं ते सांगायला नको. उद्यानाच्या ऑफिसात आधी पत्र द्या, तारीख, वेळ, किती डबे, कुठे ठेवणार, फोन नंबर. त्या सकाळी गेटवरच्या सिक्युरिटीला प्रत्येक डबा उघडून दाखवा. डबे पारदर्शकच घ्या, वर मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत "मुलांचा खेळ, आज दुपारी १२ ला उचलणार" आणि मोबाइल नंबर. स्टीलचा डबा, वायर, टेप गुंडाळलेलं काहीही नको. परदेशातले व्हिडिओ बघून कुणी सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून मेसेज पाठवायचं यंत्र) विकत घेऊन येतं, आपल्याकडे तसली उपकरणं परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, साधा फोन पुरतो.

कोण येणार ते तुम्ही ठरवत नाही

ही यादी डॉक्टर ठरवतात, संपलं. संस्थेतर्फे किंवा वॉर्डच्या सोशल वर्करतर्फेच जा, स्वतः जाऊन धर्मशाळेत पोरं गोळा करू नका. पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, पोक्सो कायद्याची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) बेसिक माहिती करून घ्या, आणि कुठलाही मोठा माणूस कुठल्याही पोराबरोबर एकटा राहणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून. आई-वडिलांपैकी एकजण सोबत पाहिजेच. पाच पोरं असतील तर पाच पालक, तीन-चार व्हॉलंटियर आणि एक नर्स, एवढं झालं की मी निघते, नर्स नसेल तर नाही निघत.

प्रत्येक पोराचा एक कागद बनवा. त्यात आजार आणि औषधं एवढंच नको, त्याच आठवड्यातले रक्तातल्या पेशींचे काउंट पाहिजेत. केमोने पांढऱ्या पेशी खाली जातात, एएनसी (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० च्या खाली गेला की साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं. प्लेटलेट कमी असतील तर पडून लागलेला साधा मारही महागात पडतो. म्हणून सोमवारी "येऊ शकतो" म्हटलेलं पोर गुरुवारी सकाळी "नाही" होतं, आणि ते होणारच आहे असं धरूनच प्लॅन करा. त्या पोराला काय सांगायचं ते पुढे लिहिलंय.

बाकी आजारांची पोरंही असतात, त्यांचं गणित वेगळं. थॅलेसेमियाचं पोर रक्त चढवायच्या आधीच्या दिवसांत पटकन दमतं, त्याला रक्त चढल्यानंतरच्या आठवड्यात न्या. सिकलसेलवाल्याला (नागपूर-गडचिरोली-नंदुरबारकडची बरीच असतात) पाणी कमी पडणं, थंडी आणि जास्त दमणूक या तिन्हीतून दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणजे त्याच्या हातात बाटली कायम. डायलिसिसच्या पोराला उलट पाणी मोजून असतं! दोघं एकाच ग्रुपमध्ये असली आणि एखादा उत्साही व्हॉलंटियर सगळ्यांना "पाणी प्या रे" करत फिरला की झालं. म्हणून ज्याचं पाणी त्याच्या पालकाकडे, व्हॉलंटियरने वाटायचं नाही.

तापाचं नीट लक्षात ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसला की केमोच्या पोरासाठी ती इमर्जन्सी आहे, थेट हॉस्पिटलला फोन आणि निघायचं. क्रोसिन द्यायची नाही. ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं, त्यामुळे हॉस्पिटलने सांगितल्याशिवाय काहीच द्यायचं नाही. छातीत पोर्ट किंवा दंडाला पिकलाइन (औषध द्यायला शिरेत बसवलेली नळी) असेल तर तिला फक्त नर्सने हात लावायचा, व्हीलचेअरचा पट्टा त्यावरून जात नाही ना ते बघा. १०८ ला फोन करून ठिकाण कसं सांगायचं ते आधी पाठ करून ठेवा, "राणीबागेत" म्हणून भागत नाही, गेट कुठलं ते सांगावं लागतं. आणि तुम्हाला स्वतःला साधी सर्दी असेल तरी घरी बसा, हे सांगूनही दर वेळी एकजण शिंकत येतोच.

आकडे घेणं

दोन दिवस आधी जागेवर जा, पोरांच्या वेळेलाच, सकाळी. उघड्यावर फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर दाखवतो पण राणीबागेतल्या दाट झाडाखाली तोच बाण दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे नाचतो. म्हणून डब्याच्या जागी फोन दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा, आकडे घ्या, फिरून या, परत घ्या, दोन्हीचा मध्य धरा. शेवटची चार-पाच पावलं नाहीतरी डोळ्यानेच शोधायची असतात. गुगल मॅप त्या शेवटच्या टप्प्याला फारसा कामाचा नाही, अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं फुकट ॲप आहे, त्यात आपले खासगी डबे घालता येतात आणि बाण आणि अंतर मोठ्या आकड्यात दिसतं.

आता माझा गाढवपणा. जिओकॅशिंगवाले आकडे अंश आणि मिनिटांत लिहितात, गुगल मॅप नुसत्या दशांशात दाखवतो. म्हणजे राणीबागेच्या आसपासचं अक्षांश एकीकडे १८° ५८.७४० असं दिसतं आणि दुसरीकडे १८.९७९. पहिल्याच वेळी मी ५८.७४० मधला टिंब उडवून १८.५८७४ असं दशांशाच्या खान्यात टाकलं, रेखांशालाही तेच केलं, ७२° ५०.१०० चं ७२.५०१. सकाळी गेटवर सहा पोरं फोन धरून उभी आणि बाण सरळ अरबी समुद्रात, अंतर ५६ किलोमीटर. "दीदी, नाव लागेल का?" एका पोराने अगदी सिरीयसली विचारलं. तेव्हापासून आदल्या दिवशी पोरांकडे जाणारा प्रत्येक फोन हातात घेऊन मी स्वतः प्रत्येक डब्यापर्यंत चालून बघते. मिनिटांचे आकडे ६० ने भागायचे, ५८.७४० भागिले ६० म्हणजे ०.९७९, एवढंच आहे ते.

डबा आणि लपवायची जागा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

खणायचं नाही, पुरायचं नाही. मातीत आणि कुजलेल्या पाल्यात बुरशी असते, आणि पेशी कमी असलेल्या पोराला ती फुप्फुसात जाऊन त्रास देते. झाडाची ढोली नको, मुंग्या आणि विंचू. कबुतरं बसतात ती जागा तर अजिबात नको. खोदकाम चालू असेल तर त्या बाजूला जायचंच नाही. मग राहिलं काय, तर बाकाच्या खाली, रेलिंगच्या आत, कुंडीच्या मागे, फलकाच्या पाठीला. जमिनीपासून दोन ते तीन फुटांवर, कारण व्हीलचेअरमध्ये बसलेल्याचा हात तिथेच पोचतो. हे मी तोंडाने सांगितलेलं पटत नसेल तर खुर्चीत स्वतः बसा आणि दुसऱ्याला ढकलायला सांगा, कुठली वाट खडीची आहे, कुठे एकच पायरी आहे, गेटमधून खुर्ची आत जाते की नाही, टॉयलेटचं दार किती रुंद आहे, पाच मिनिटांत सगळं कळतं.

झाकणाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. मी सुरुवातीला चारी बाजूंनी कटकट लॉक होणारे हवाबंद डबे आणले होते, पावसाचं पाणी जाणार नाही म्हणून एकदम खूश होते. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा, यवतमाळकडचा, बाण बघत बघत सगळ्यांच्या आधी पोचला, बाकाखालून डबा ओढला आणि मांडीवर घेतला. एक लॉक उघडलं. दुसऱ्याला अंगठा लावला, घसरला. परत लावला. नखं पांढरी झाली. मग त्याने आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघितलं, आणि डबा माझ्याकडे सरकवून म्हणाला, ताई तुम्हीच उघडा, मला नाही बघायचं. केमोच्या एका औषधाने बोटांची ताकद जाते, पावलं लोंबतात, शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही काही पोरांना, हे मला नर्सने नंतर सांगितलं. मी डबा उघडून दिला खरा, पण तो त्याचा राहिला नव्हता.

आता मी मिठाईच्या दुकानातले पातळ झाकणाचे प्लास्टिक डबे घेते, झाकणाला कापडी पट्टी चिकटवून ओढायला कान करते, आणि दुकानात डाव्या हाताच्या दोन बोटांनी उघडतो का ते बघूनच विकत घेते. दुकानदाराला वेड लागल्यासारखं वाटतं. पावलं लोंबत असतील तर मुळांवर पाय अडकतो, म्हणून झाडाच्या बुंध्याजवळ काही ठेवत नाही.

आत काय? वही आणि जाड पेन, पेन धरता येत नसेल तर शाईचा रबरी शिक्का. भेटवस्तू नव्या आणि पुसता येतील अशा, प्रत्येकाची वेगळ्या झिपच्या पाऊचमध्ये, नाव घालून. खऱ्या खेळात एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची असते, ते आपण करत नाही. सॉफ्ट टॉय नको, धूळ धरतात. अगदी लहान भावंडं असतील तर गोट्या, बारीक चुंबकं नकोत. सकाळी सगळं स्पिरिटने पुसायचं.

प्रत्यक्ष दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. पावसाळ्यात डास आणि चिखल, एप्रिल-मेमध्ये विचारही नको, काही औषधांनी ऊन्हाने कातडी भाजल्यासारखी होते म्हणून हिवाळ्यातही टोपी आणि पूर्ण बाह्या. एकूण दीड तास, डबे चार, जास्तीत जास्त पाच, सगळं मिळून अर्धा किलोमीटर. नवीन लोकांना हे फार कमी वाटतं, दहा डबे ठेवू म्हणतात, आणि तिसऱ्या डब्याला पोर आईच्या खांद्यावर झोपलेलं असतं. पहिला डबा गेटपासून तीस-चाळीस पावलांवर आणि एकदम सोपा ठेवा, ज्याला पुढे जमणार नाही त्याचाही एक झालेला असतो. शेवटचा बसायच्या जागेजवळ, सावलीत.

फोन पोराच्या हातात. हे लिहायला सोपं आहे. पोर चुकीच्या दिशेला निघालं की तुमचा हात शिवशिवतो, "अरे इकडे इकडे" तोंडातून निघतं. गप्प राहा. वीस पावलं चुकीची गेलं की अंतराचा आकडा वाढतो, त्यालाच कळतं, वळतं. तुम्ही मागे चालायचं, खड्डा आणि कुत्रं बघायचं, बाकी काही नाही. पालकांनाही हेच सांगावं लागतं, प्रेमाने. आयांना तर बाकावर बसवून चहा द्या, त्या बऱ्याच दिवसांनी बसलेल्या असतात. कुणी पहिलं-दुसरं नाही, नंबर काढू नका. भावंडं आली तर त्यांच्या नावाचे पाऊचपण हवेत, दवाखान्यात सगळं लक्ष आजाऱ्याकडे जातं आणि धाकटी बहीण कोपऱ्यात उभी असते, तिला एक डबा फक्त तिचा द्या.

खाणं बाहेरचं नाही, भेळवाला किती का हाका मारेना. केळं, घरचा डबा, उकळलेलं पाणी, तेही डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे. स्टिरॉइड चालू असलेलं पोर सतत भुकेलं आणि चिडकं असतं, ते त्याचं नाही, गोळीचं आहे. फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि परवानगी असली तरी स्टेटसला टाकायचे नाहीत. टक्कल आणि मास्कवाल्या पोराचा फोटो टाकून तुम्हाला शंभर लाइक मिळतात, त्याला काय मिळतं?

ज्याला ऐन वेळी येता आलं नाही

त्याला "पुढच्या वेळी हं" म्हणू नका, पुढच्या वेळचं कुणालाच माहिती नसतं. त्याचं काम आधीच ठरलेलं पाहिजे. आम्ही एक डबा "कंट्रोल रूम"चा ठेवतो. त्याचे आकडे फक्त खोलीतल्या पोराकडे, बागेतला व्हॉलंटियर व्हिडिओ कॉलवर, आणि पोर बेडवरून हुकूम सोडतं, डावीकडे, अजून पुढे, थांबा, बाकाखाली बघा. मोठ्या माणसाला गुडघ्यावर बसवून बाकाखाली बघायला लावण्यात जी मजा आहे ती त्यांना बरोबर कळते, मुद्दाम दोनदा चुकीचं सांगतात. वॉर्डच्या आत जीपीएस चालत नाही, तिथे होकायंत्र आणि पावलं, "खिडकीपासून उत्तरेला सहा फरशा" असं, आणि ते नर्सला विचारूनच. अजून एक, नंबर कोरलेले ट्रॅव्हल बग मिळतात, एक बिल्ला कुठल्यातरी खऱ्या डब्यात सोडायचा आणि अनोळखी लोक तो पुढच्या पुढच्या डब्यात नेतात, वेबसाइटवर तो कुठे पोचला ते दिसतं. परदेशी जाणाऱ्या कुणा नातेवाईकाकडे दिला तर बरं, आपल्याकडे डबे कमी असल्यामुळे तो महिनोन्महिने एकाच जागी पडून राहतो.

संपल्यावर

डबे मोजून उचला, लपवताना जागेचे फोटो काढलेले असतील तर सोपं जातं. दोन दिवसांनी प्रत्येक पालकाला फोन, ताप आला का, लागलं का, आणि मागाहून कुणाच्या घरी कांजण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी सगळ्यांच्या डॉक्टरांना कळवायचं, लाज न धरता, कारण त्यावरचे उपाय वेळेतच करावे लागतात.

एकदा एका बागेत पाचपैकी चारच डबे मिळाले. तासभर शोधलं, बाकाखाली, कुंडीमागे, सिक्युरिटीला विचारलं, मला घाम फुटला. शेवटी माळीकाका त्यांच्या अवजारांच्या खोलीतून डबा घेऊन आले, झाडांना पाणी घालताना भिजेल म्हणून उचलून ठेवला होता. घरी येऊन वही उघडली तर पोरांच्या सह्यांखाली त्यांची सही, तारीख, वेळ १०.२०, आणि पुढे "डबा सापडला".